खाऱ्या पाण्याचा हिशेब

गेल्या वर्षी आपल्या ग्रंथालयाच्या दाराशी, डाव्या हाताला, खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय मांडले होते हे बहुतेकांना आठवत असेल. यंदा प्रवेश घेतलेल्या मित्रांना तिथे फक्त काचेची एक रिकामी पेटी आणि तिच्यावर रचलेले जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे दिसतात. ती पेटी रिकामी का झाली, ह्याविषयी महाविद्यालयात दोन-तीन कथा प्रचलित आहेत. त्यांतली सर्वांत लोकप्रिय कथा अशी, की ग्रंथालयाच्या शिपाई काकांनी फिल्टर नळाखाली धुतला आणि त्यामुळे मासे मेले. ही कथा खरी नाही. खरेदी समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून मी होतो, हिशेबाची वही माझ्याकडे होती आणि खरेदीच्या पावतीवर माझी सही आहे. तेव्हा खरे काय घडले ते सांगण्याची जबाबदारीही माझ्याकडेच येते.

आता माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून ती टाकी पुन्हा सुरू करावी, असा प्रस्ताव पुढे आला आहे. आनंदाची गोष्ट आहे. परंतु चर्चा मात्र पुन्हा जुन्याच वाटेने चालली आहे. "ह्या वेळी जरा भारी कंपनीचा फिल्टर घेऊ या," हे वाक्य मी गेल्या महिन्यात निदान पाच जणांच्या तोंडून ऐकले. माझे मत थोडक्यात असे: मागच्या वेळी फिल्टर हलका होता म्हणून मासे मेले नाहीत. आपण निवडीचा क्रम उलटा धरला म्हणून मेले. तोच क्रम पुन्हा धरला, तर दुप्पट किमतीचे यंत्रही त्यांना वाचवणार नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने माशांवर लिहावे ह्याचे कोणाला हसू आले तर येवो. ह्या प्रश्नात जीवशास्त्र आहे तितकाच जमाखर्चही आहे.

प्रथम घडले ते सांगतो. स्नेहसंमेलन शनिवारी होते आणि पाहुण्यांच्या हस्ते मत्स्यालयाचे उद्घाटन व्हायचे होते. टाकी आली सोमवारी: चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. गुणाकार केला तर नऊ घनफूट होतात, म्हणजे सुमारे २५५ लिटर. वरची रिकामी जागा आणि आतले दगड वजा केले की पाणी उरते साधारण २०० लिटर. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या हिशेबाने मत्स्यालयासाठी मिळते ते खास मीठ सात किलो विरघळवले. दुकानदाराने बंद डब्याचा फिल्टर दिला, ज्याला ते लोक कॅनिस्टर म्हणतात. गुरुवारी अकरा मासे आले: दोन केशरी-पांढरे क्लाउन आणि बाकीचे निळे-पिवळे डॅमसेल. शनिवारी टाळ्या झाल्या, छायाचित्रे निघाली.

मंगळवारी काकांनी मला जिन्यात थांबवले. म्हणाले, "नीर सरि इल्ल री. पाणी बरोबर नाही. मासे वर येऊन तोंड उघडतात." मी जाऊन पाहिले. पाणी काचेसारखे स्वच्छ होते. आमच्या घरी सातवीपासून गप्पी आणि गोल्डफिश आहेत, त्यामुळे मला माशांतले कळते अशी माझी समजूत होती. मी म्हणालो, "काका, नवीन आहेत, रुळतील." बुधवारी रात्री तीन तास लाईट गेली. गुरुवारी सकाळी सात मासे तळाशी पडले होते आणि शुक्रवारी उरलेले चार गेले. काकांनी फिल्टर उघडून धुतला तो गुरुवारी दुपारी, डब्यातून कुबट वास येत होता म्हणून. म्हणजे धुण्याच्या आधीच बहुतेक मासे मेलेले होते. एवढी साधी तारीखवार नोंद कोणी पाहिली नाही. मीही ती वेळेवर पुढे केली नाही, कारण काकांवर खापर फुटत होते तोवर माझ्या सहीकडे कोणाचे लक्ष जात नव्हते. हे लिहिताना मला बरे वाटत नाही.

त्यानंतर मी वाचायला लागलो, प्राणिशास्त्राच्या मॅडमना विचारत राहिलो आणि हळूहळू घोटाळा ध्यानात आला.

मासा जे खातो त्याचा बराचसा भाग अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे पाण्यात येतो. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. अमोनिया विषारी आहे. निसर्गात एक प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक असते. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य, पण ते साचत जाते. हे जीवाणू पाण्यात मोकळे फिरून काम करत नाहीत. ते दगडावर, वाळूवर, फिल्टरमधल्या चिनी मातीच्या कड्यांवर चिकटून राहतात आणि फार सावकाश वाढतात. त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहूनही अधिक. आम्ही त्यांना तीन दिवस दिले होते. फिल्टरचा डबा होता, कडी होती, पंप होता. काम करणारे कामगार मात्र आलेच नव्हते. कारखान्याची इमारत बांधून भोंगा वाजवावा, तसा आमचा प्रकार झाला.

मग घरच्या गप्पींना काही होत नव्हते ते का? त्याचे उत्तर पाण्याच्या सामूत, म्हणजेच पीएचमध्ये आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक बरेचसे निरुपद्रवी आणि दुसरे जहाल. सामू सातच्या आसपास असेल तर जहाल भाग अगदी थोडा असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू आठच्या वर, साधारण ८.२ असतो, आणि तिथे तोच जहाल भाग दहा पटींहून अधिक होतो. शिवाय खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो, तर समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. गोड्या पाण्यातली जी चूक मासा पोटात घालतो, ती खाऱ्या पाण्यात त्याच्या जिवावर येते. काकांना ह्यातले रसायन माहीत नव्हते, पण त्यांनी मासे पाहिले होते. मी फक्त पाणी पाहिले होते.

आता यंत्रांकडे वळू. बाजारात नावे पुष्कळ आहेत, पण फिल्टरची कामे तीनच: गाळणे, पचवणे आणि शोषणे. कापूस किंवा स्पंज कचरा गाळतो. जीवाणूंची वस्ती अमोनिया पचवते. लोणारी कोळशाचा शुद्ध भाऊ म्हणावा असा सक्रिय कोळसा पाण्याचा पिवळेपणा आणि वास शोषून घेतो. दुकानात उभे राहून "हा फिल्टर चांगला का?" असे विचारण्यापेक्षा "ह्यांतले कोणते काम हा करतो, आणि ते काम चालू ठेवायला मला दर आठवड्याला काय करावे लागेल?" असे विचारले पाहिजे.

गाळण्याच्या बाबतीत एक भ्रम फार पसरलेला आहे. स्पंजमध्ये कचरा अडकला म्हणजे तो टाकीबाहेर गेला असे आपण समजतो. तो गेलेला नसतो. पाणी त्याच कचऱ्यातून फिरत असते आणि तो तिथेच कुजत असतो. घरातला केर काढून दारामागे लोटून ठेवावा तसे हे आहे. बंद डब्याच्या फिल्टरला नेमकी हीच खोड आहे. डबा कपाटात, कपाटाला कुलूप. आतले दिसत नाही म्हणून उघडलेही जात नाही. त्यात लाईट गेली की डब्यातले पाणी थांबते, जीवाणू आणि कुजणारा कचरा मिळून त्यातला प्राणवायू संपवतात, आणि तीन तासांनी पंप सुरू झाला की ते सडके पाणी थेट माशांवर येते. आपल्याकडे पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वीज किती भरवशाची असते हे मी सांगायला नको. त्या बुधवारी रात्री आधीच गुदमरलेल्या माशांवर शेवटचा घाव कशाचा पडला असेल, ह्याचा अंदाज आता करता येतो.

कॅनिस्टर वापरून खाऱ्या पाण्याच्या टाक्या उत्तम चालवणारे लोक आहेत, हे मान्य. ते मासे थोडे ठेवतात आणि डबा नेमाने उघडून साफ करतात. यंत्र वाईट नाही. पण ज्या इमारतीत दिवाळीची सुटी असते, मे महिना असतो आणि किल्ली कोणाकडे आहे ह्यावर अर्धा दिवस जातो, तिथे असे यंत्र निवडणे चुकीचे आहे.

जुन्या काळी वाळूखाली जाळी घालून पाणी वाळूतून ओढणारा फिल्टर फार वापरात होता. स्वस्त आणि साधा. पण घाण जाळीखाली साठते आणि ती काढायची तर सारी टाकी उपसावी लागते. बाहेरच्या बाजूला अडकवायचा लहान फिल्टर छोट्या टाकीला ठीक, आपल्या टाकीला तोकडा पडेल.

खाऱ्या पाण्याचे खरे खास यंत्र म्हणजे फेस काढणारे, ज्याला प्रोटीन स्किमर म्हणतात. आपल्या भागातल्या कोणालाही हे समजावून सांगणे सोपे आहे, कारण गुऱ्हाळ सर्वांनी पाहिलेले असते. काहिलीत रस उकळायला लागला, भेंडीचे पाणी घातले, की मळी फेसाबरोबर वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. मळी काढली नाही तर गूळ काळा पडतो. स्किमरमध्ये उष्णता नसते, हवेचे अगदी बारीक बुडबुडे असतात. पाण्यात विरघळलेली सेंद्रिय घाण त्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटते, फेसाबरोबर वर चढते आणि वरच्या वाटीत तपकिरी काढ्यासारखी जमा होते. वाटी उचलायची, मोरीत ओतायची, धुऊन परत बसवायची. समुद्रकिनाऱ्यावर लाटांबरोबर जो फेस येतो त्यामागेही हेच तत्त्व आहे. गोड्या पाण्यात बुडबुडे मोठे होऊन लगेच फुटतात, म्हणून तिथे हे यंत्र नीट चालत नाही. स्पंज घाण अडवून ठेवतो. स्किमर तिचा बराच भाग अमोनिया होण्याआधीच पाण्याबाहेर काढतो. शिवाय त्यातून हवा भरपूर मिसळते, म्हणजे प्राणवायूची टंचाईही कमी होते.

तिसरी गोष्ट, टाकीखाली ठेवायची उघडी दुसरी टाकी, म्हणजे संप. वरच्या टाकीतले पाणी नळीने खाली येते, तिथे स्किमर आणि सच्छिद्र दगड असतात, आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. पाणी उघडे असल्याने सर्व दिसते, हात घालता येतो, आणि एकूण पाणीही वाढते. पाणी जितके अधिक तितकी चूक सावकाश भोवते. मात्र दोन ठिकाणी सावध राहावे लागते. लाईट गेली की वरच्या टाकीतले थोडे पाणी खाली उतरते. तेवढी जागा संपात मोकळी ठेवली नाही तर ग्रंथालयाच्या फरशीवर समुद्र अवतरेल. दुसरे, पंपाच्या खोक्यावर तासाला इतके लिटर असा जो आकडा छापलेला असतो, तो पाणी उंच न चढवता मोजलेला असतो. चार फूट वर चढवायचे म्हटले की तो पुष्कळ खाली येतो. छापील किंमत आणि हातात पडणारी किंमत ह्यांतला फरक ओळखायला वाणिज्य शाखेत शिकवतात, तोच इथे लागू करावा.

ह्या सर्व यंत्रांच्या आधी मात्र जागा लागते दगडाला आणि वेळेला. १८५० साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञाने गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून दाखवले की पाणी न बदलताही ते जिवंत राहू शकतात, कारण एकाचा टाकाऊ भाग दुसऱ्याच्या कामी येतो. १९६१ साली जाकार्तातल्या ली चिन एंग ह्यांनी आपली समुद्री टाक्यांची पद्धत प्रसिद्ध केली: समुद्रातले जिवंत खडक, प्रवाळ, आणि यंत्र म्हणाल तर फक्त हवेचे बुडबुडे. पुढे जर्मनीत खडक आणि स्किमर ह्यांची जोडी रूढ झाली आणि तिला बर्लिन पद्धत असे नाव पडले. सच्छिद्र खडकाच्या छिद्राछिद्रांत जीवाणूंची वस्ती होते, हेच ह्या सर्वांचे मर्म.

परदेशी पुस्तके वाचून "समुद्रातून जिवंत खडक आणा" हा सल्ला आपण जसाच्या तसा उचलू नये. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना संरक्षण दिलेले आहे. प्रवाळखडक फोडून आणणे गुन्हा आहे, आणि कोणी गुपचूप विकत असेल तरी शिक्षणसंस्थेने तो घेऊ नये. सुका सच्छिद्र दगड किंवा भाजलेल्या मातीचे ठोकळे चालतात. फक्त त्यांवर वस्ती व्हायला अधिक दिवस लागतात. माशांचेही तसेच. कोचीन येथे मुख्यालय असलेल्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउन माशांची पैदास टाक्यांत करण्याचे तंत्र विकसित केले आहे. अशा पैदाशीतले मासे मागता येतात. मग समुद्रातून ओरबाडून आणलेले का घ्यावेत?

आता हिशेब. गेल्या वर्षीची माझी वही मी पुन्हा उघडली. त्यात काच, लाकडी कपाट, यंत्र, दिवे आणि मासे असे पाच रकाने होते. सगळा भांडवली खर्च. चालू खर्चाचा रकानाच नव्हता. वर्षाचे आकडे मांडून पाहू. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे, म्हणजे २० लिटर. त्याला मीठ लागेल ७०० ग्रॅम. बावन्न आठवड्यांचे छत्तीस किलोंहून अधिक. पहिल्या भरणीच्या पाचपट मीठ लागणार होते आणि त्यासाठी एक रुपयाही धरलेला नव्हता. पंप, स्किमर आणि प्रवाहाचा छोटा पंप मिळून ६० वॅट धरले, तर ते रात्रंदिवस चालून वर्षाला सुमारे ५२५ युनिट वीज खातील. राकसकोपचे नळाचे पाणी क्लोरीन मारून सोडलेले असते. क्लोरीन घालवल्यावाचून ते वापरता येत नाही, आणि आर.ओ.चे वापरायचे तर प्रत्येक लिटरमागे दोन-तीन लिटर बाहेर टाकावे लागते. ते बागेला किंवा फरशी पुसायला वळवले पाहिजे. उन्हाळ्यात नळाला पाणी येत नसताना मत्स्यालयासाठी ते गटारात सोडणे कोणालाही आवडणार नाही. बाष्प होऊन जे पाणी घटते, तिथे मात्र गोडेच पाणी घालायचे. मीठ उडून जात नाही, ते आतच राहते. हेही मला त्या वेळी माहीत नव्हते.

जमाखर्चाचा नियम टाकीला तंतोतंत लागू पडतो. आत जे टाकले ते कुठेतरी नावे पडलेच पाहिजे. रोज खाणे जमा होते. त्यातले काही माशांच्या अंगी लागते, काही स्किमरच्या वाटीतून जाते, आणि उरलेले नायट्रेट होऊन पाण्यात देणे म्हणून साचते. ते देणे फेडायचा सर्वांत साधा आणि खात्रीचा मार्ग म्हणजे पाणी बदलणे. कितीही भारी फिल्टर घेतला तरी हे काम चुकत नाही. आणि देणे मुळात कमी हवे असेल तर मासे कमी ठेवावेत. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपण म्हणतो. शेजारच्या कन्नड विभागातले मित्र "हासिगे इद्दष्टु कालु चाचु" म्हणतात. दोन्ही भाषांत अंथरूण तेच आणि पाय तेच. २०० लिटरच्या अंथरुणात आम्ही अकरा मासे झोपवले होते. चार, फार तर पाच लहान मासे पुरेत.

दोन आक्षेपांना उत्तर देतो. पहिला असा: सहा-आठ आठवडे नुसती पाण्याची टाकी कोण बघत बसणार? माझे म्हणणे, तीच तर बघण्यासारखी आहे. मासे न घालता टाकीत कोळंबीचा एक तुकडा टाकायचा आणि दर दोन दिवसांनी चाचणी संचाने अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजायचे. आधी अमोनिया चढतो, मग उतरतो. त्याच्यामागून नायट्राइट चढते, मग उतरते. शेवटी नायट्रेट वाढू लागते. हा आलेख टाकीशेजारच्या फलकावर रोज पुढे सरकू द्या. विज्ञान शाखेने मोजावे, आमच्या सांख्यिकीच्या वर्गाने आलेख काढावा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकले म्हणजे फिल्टर तयार झाला. त्याआधी तो फक्त विकत घेतलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: समुद्रापासून सव्वाशे किलोमीटर दूर, घाटाच्या ह्या बाजूला, समुद्राचे मासे ठेवावेतच कशाला? ह्या आक्षेपाला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. एवढेच सांगतो की शाळेच्या सहलीत मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले, तेव्हा मी पहिल्यांदा समुद्राचा मासा ताटाबाहेर पाहिला. आपल्या वर्गांत खानापूर आणि हुक्केरीच्या खेड्यांतून येणारी अशी कितीतरी मुले-मुली आहेत ज्यांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. त्या तीन-चार दिवसांत टाकीपुढे सर्वांत अधिक वेळ तीच उभी असत. त्यांच्यासाठी टाकी असावी असे मला वाटते. पण माशांचा जीव देऊन नव्हे. पुढच्या अटी पाळणे जमणार नसेल, तर त्याच टाकीत गोडे पाणी घालून आपल्या नद्या-तळ्यांतले मासे ठेवावेत. त्यात काहीही कमीपणा नाही.

अटी अशा. देणगीच्या रकमेतून निदान दोन वर्षांचा चालू खर्च आधी बाजूला काढावा आणि उरेल त्यात यंत्रे घ्यावीत. यंत्रांचा क्रम ठेवावा: प्रथम सच्छिद्र दगड आणि उघडा संप, मग खोक्यावर लिहिलेल्या क्षमतेपेक्षा सढळ हाताने निवडलेला स्किमर, मग चाचणी संच, क्षारता मोजायचे साधन आणि लाईट गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवापंप. कोळसा लागला तर संपात पिशवीत घालून ठेवता येईल; त्यासाठी कॅनिस्टरची गरज नाही. जुना कॅनिस्टर धुऊन विज्ञान शाखेच्या गोड्या पाण्याच्या टाकीला द्यावा. सुट्यांच्या दिवसांत कोण येणार, त्यांची नावे आधी लिहून घ्यावीत. नावे मिळाली नाहीत तर मासे आणू नयेत. टाकीची वही ठेवावी आणि ती कोणालाही पाहू द्यावी.

शेवटची अट माझ्या स्वतःसाठी आहे. गेल्या वर्षी जे लोक काकांना येता-जाता "मासेमारी कशी चालली आहे?" असे विचारत, त्यांत माझे मित्रही होते आणि मी गप्प उभा असे. हा लेख छापायला देण्याआधी मी काकांना पूर्ण वाचून दाखवला आणि त्यांची माफी मागितली. त्यांनी मान हलवली, फार काही बोलले नाहीत. नव्या समितीवर त्यांना सभासद म्हणून घ्यावे आणि टाकीच्या कामाचा वेगळा भत्ता त्यांना मिळावा, अशी लेखी विनंती मी प्राचार्यांकडे केली आहे. रोज सकाळी दार उघडून टाकी पाहणारे तेच पहिले असतात, आणि पाणी बिघडल्याचे त्यांना सर्वांच्या आधी कळते, हे सिद्ध झालेले आहे.

समितीवर येण्यास काकांनी होकार दिला आहे. मात्र त्यांनीही एक अट घातली आहे: मासे कोणत्या दिवशी आणायचे, हे स्नेहसंमेलनाची तारीख पाहून ठरवायचे नाही.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष